लखमा जिथं बोलायचा

कोंडाळ्याच्या तलावावर मी तिकिटं फाडायला बसते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या मधल्या डोंगरात हा तलाव. त्याच्या काठचं रान अभयारण्यात येतं, आणि बघायला येणाऱ्यांना आत सोडायचं काम आमच्या गावच्या समितीकडे आहे. शनिवार-रविवारी कल्याण-ठाण्याची माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून येतात. एरवी खिडकीसमोर माकडंच जास्त. श्रावणातल्या अशाच एका आडदिवशी एक बाई खिडकीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलानं भरलेले.

"एक तिकीट दे गो."

मी तिला ओळखलं. डोंगरापलीकडच्या करंजपाड्याची पारू शिद. तिचा नवरा लखमा आमच्याकडे वनमजूर होता. चैत्रात रानाला जो वणवा लागला त्यात तो गेला. त्याच्या दिवसांना आम्ही सगळे करंजपाड्यावर गेलो होतो, तेव्हा तिला कुडाला टेकून बसलेली पाहिली होती.

"मावशी, तुमाला कसलं तिकीट? जावा की आत."

"मी बघाय आलीय. बघाय येणाऱ्याला तिकीट लागतं ना? मग दे."

मी दिलं. तिनं ते पदराच्या गाठीत बांधलं आणि तिथंच उभी राहिली. कुठं जायचं ते तिला ठाऊक नव्हतं. लखमानं उभी हयात या तलावावर काढली. पहाटे निघायचा, दिवेलागणीला परत जायचा. पण ती कधी इकडे उतरली नव्हती. लाकडं आणायला डोंगरावर चढली की वरून तिला पाण्याचा पांढरा तुकडा दिसायचा, तेवढाच काय तो तलाव. "भात, नाचणी, गुरं, पोर," ती नंतर मला म्हणाली, "कधी यायचं? आणि त्यानं तरी कधी ये म्हटलं?"

वणव्याचं आधी सांगायला हवं. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे रानात जाळरेषा काढतात. म्हणजे गवताचा रुंद पट्टा साफ करून टाकायचा, आग लागली तर तिथं अडावी म्हणून. लखमा आणि त्याचा जोडीदार भगीरथ हे काम दरवर्षी करायचे. त्या दिवशी दुपारी खिंडीच्या अंगाला धूर दिसला तसे दोघं हिरव्या फांद्या तोडून धावले. खालून आग झोडपत ते वर चढत होते. खिंडीत वारा फिरला. भगीरथ खालच्या बाजूला होता, तो ओढ्यात उतरला. लखमा वर राहिला. भगीरथ सांगतो, आग त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, तो धुरानंच गेला. हे खरं की पारूमावशीला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलेलं नाही.

साहेबलोक चौकशीला पाड्यांवर गेले. आग कोणी लावली? घरोघर एकच उत्तर मिळालं: ठाऊक नाय. आग कशी लागली असेल ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी करायची ही इकडची जुनी रीत. काळ्या राखेवर फिकट फुलं उठून दिसतात, वेचायला सोपी जातात. बहुतेक वेळा ती आग झाडाखालीच विझते.

तर त्या श्रावणातल्या दिवशी पावसात दुसरं कोणी येणार नव्हतं. मी खिडकी लावली, भगीरथला हाक मारली आणि आम्ही तिघं काठानं निघालो. भगीरथ तिच्यापुढे अवघडून चालत होता. जिवंत राहिलेल्या माणसाचं असतं तसं. तलाव काठोकाठ भरला होता, उथळ पाण्यात कमळाची पानं दाटली होती. पानांवरून एक तपकिरी पक्षी लांब बोटं टाकत चालला होता. आमची चाहूल लागली तसा तो बसला, पंख अंगाशी घेतले आणि उठला, तर त्याच्या पंखांखालून बारीक बारीक पाय लोंबत होते.

"पिल्लं हायेत," भगीरथ म्हणाला. "हा बाप. मादी अंडी घालून निघून जाते, पोरं हाच वाढवतो. भ्यालं की असा काखेत घेतो." मग त्याला राहवलं नाही. "लखमा शाळेच्या पोरांना म्हणायचा, हा बघा धा पायांचा बाप. आणि स्वतः दोन्ही हात काखेत खुपसून तस्सा चालून दाखवायचा. पोरं हसून हसून लोळायची."

भगीरथनं काखेत हात घालून दोन पावलं टाकूनसुद्धा दाखवली. मग तिच्याकडे पाहिलं आणि हात खाली सोडले.

"कोण? आमचा?" ती म्हणाली.

"तर. त्याच्यासारखा बोलणारा हिथं कोण व्हता?"

"घरात मीठ पायजे का नको, तेवढं पण बोलत नव्हता."

तिचा आवाज चढला होता. मला वाटलं होतं तिला रडू येईल. पण तिला राग आला होता. "जेवायचा, भिंतीकडं तोंड करून झोपायचा. पोरगी दिपिका लहान व्हती तवा मी तिला म्हणायचे, बापाला बोलता येत नाय. आणि हिथं येऊन नाचत व्हता?" ती आल्या वाटेनं तरातरा निघून गेली. भगीरथ दिवसभर माझ्याशी बोलला नाही. आपण नको ते सांगितलं असं त्याला वाटत राहिलं.

ती पुन्हा येईल असं मला वाटलं नव्हतं. भात झोडून झाल्यावर ती आली. पुन्हा तिकीट घेतलं आणि भगीरथला म्हणाली, "तो कुठं कुठं उभा राहून बोलायचा ते दाव."

भगीरथनं दाखवलं. उंबराखालचा मोठा धोंडा, तिथं तो माणसांना बसवून चूप करायचा. बंधाऱ्याचा कोपरा, तिथून सुतारपक्ष्याचा आवाज काढायचा. जुन्या सागाजवळची वाट, तिथं धनेशाच्या ढोलीकडे बोट दाखवायचा आणि हळूच म्हणायचा, मालकीण आत आहे, आवाज नको. ती प्रत्येक जागी जाऊन उभी राहिली. पाण्यावर काय आहे, झाडावर काय बसलंय, इकडे तिचं लक्षही नव्हतं. पायाखालची जमीन बघत होती.

मग ती येतच राहिली. कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं. गवत पिवळं पडलं, पाणी काठापासून मागे सरलं, सकाळी तलावावर धुकं बसायला लागलं. पौषात एकदा ती आली तेव्हा पलीकडच्या काठावर भगवी बदकं उतरली होती. पुस्तकात त्यांना चक्रवाक म्हणतात. थंडीपुरती लांबून येतात, जोडीजोडीनं बसतात. धुकं फाटलं आणि ऊन पडलं तशी ती सगळी एकदम उठली. भगव्या अंगाखाली पंखांचा पांढरा पट्टा लखकन दिसला. आवाज तलावभर घुमला. पारूमावशी धोंड्यावर बसली होती ती उभी राहिली. बदकं फिरून पुन्हा पाण्यावर उतरेपर्यंत ती बसली नाही.

"ही दरसाल येतात?"

"दरसाल."

"आणि मी पलीकडं लाकडं तोडत व्हते," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणली होती. माझ्या डब्यात वालाची उसळ होती. आम्ही उन्हात बसून जेवलो, आणि जेवताजेवता तिनं मला नवशाचं सांगितलं.

नवशा तिचा धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा तो रांगत होता. पारूनं त्याला कडेवर वाढवला. लग्न होऊन करंजपाड्यावर आली तर त्यालाही बरोबर घेऊन आली. लखमानंच त्याला वरच्या पाड्यावर घर बांधून दिलं, लग्न लावून दिलं. नवशाचे मोह त्याच घरामागे आहेत, खिंडीच्या अंगाला.

"त्या दिवशी मी हिरीवर व्हते," ती म्हणाली. "नवशाच्या मोहांखालून धूर निघाला. मी म्हटलं, पाचोळा जाळतोय. कळशी डोक्यावर घेतली नि घरी गेले. मग धूर वर गेला, आणखी वर गेला."

मी भाकरी हातात धरून बसले होते.

"साहेबानं मला इचारलं. म्हणाला, बाई, माणूस तुमचाच गेला, तुमी तरी सांगा. मी म्हणाले, ठाऊक नाय." तिनं बोटं चाटून पुसली. "काय सांगू? त्याला तोंड धुवायला मी शिकवलं."

"नवशाला ठाऊक हाये? तुमी पाहिलं ते?"

"त्याला ठाऊक हाये. हप्त्याला येतो, लाकडाची मोळी दारात टाकतो नि जातो. वर बघत नाय. मी ती लाकडं चुलीत घालत नाय. गंजी झालीय गंजी." मग म्हणाली, "हिथं आलं की त्याचं घर दिसत नाय. म्हणून पण येते."

मी ते ऐकून घेतलं. कोणाला सांगितलं नाही. जिचं होतं तिनं सांगितलं नव्हतं, तर मी कोण सांगणार?

फाल्गुनात पळस पेटल्यासारखा फुलला. तलाव आटून निम्मा झाला होता. उघड्या पडलेल्या गाळावर पाणकावळे पंख पसरून बसायचे. पारूमावशी आली आणि भगीरथला म्हणाली, "आता तो जिथं गेला तिथं ने."

भगीरथनं माझ्याकडे पाहिलं. मी समितीच्या दुसऱ्या बाईला खिडकीवर बसवलं आणि त्यांच्याबरोबर गेले. चढ कठीण होता. खिंडीत बुंधे अजून काळे होते, पण पावसाळ्यात बुडख्यांना फुटवे आले होते, कारवी कमरेएवढी झाली होती. भगीरथ एका अंजनाच्या झाडाजवळ थांबला. "हिथं." तो एवढंच म्हणाला आणि बाजूला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

ती खाली बसली. जमिनीवर तळहात ठेवला. पलीकडच्या घळीतून भेकराचा आवाज आला, कुत्रं भुंकावं तसा, एकदा, मग पुन्हा. ती बराच वेळ बसली होती. मग उठली आणि उताराकडे बघत भगीरथला विचारलं, "खालून कुठून आली?"

भगीरथनं बोट उचललं नाही. म्हणाला, "आता काय त्याचं, वहिनी."

"तुला पण ठाऊक हाये तर."

उताराच्या खाली, रानाच्या कडेला, वरच्या पाड्याची कौलं दिसत होती आणि कौलांमागे पानं झडलेले मोह. झाडांखाली वाळलेल्या पानांचा थर इथूनसुद्धा दिसत होता. आणखी थोड्या दिवसांत फुलं गळायला लागणार होती. ती तिकडे बघत राहिली. उतरताना वाटेत मला म्हणाली, "उद्या खिडकी बंद ना तुझी? सकाळी ये. खराटा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी करंजपाड्यावर गेले. तिच्याकडे हिराचा खराटा होता आणि जुन्या लुगड्यांचं गाठोडं. आम्ही वरच्या पाड्यावर चढलो. नवशाच्या अंगणातून न जाता ती बांधाबांधानं मोहांकडे गेली, आणि पहिल्या झाडाखाली झाडायला लागली.

पाचोळा घोट्यापर्यंत होता. झाडताना मोठा आवाज होत होता. पाड्यातल्या बाया दारात येऊन बघत होत्या. एक म्हातारी ओरडली, "काडी लाव नि मोकळी हो, कशाला कंबर मोडतेस?" पारूमावशीनं वर पाहिलं नाही. पाचोळा लोटत तिनं झाडापासून लांब, उघड्या खाचरात ढीग घातला. मी दुसऱ्या झाडाला लागले.

नवशा घरातून बाहेर आला. माझ्या अंदाजानं चाळिशीचा असेल, पण खांदे म्हाताऱ्याचे दिसत होते. तो बांधावर उभा राहिला. उभाच राहिला. मग जवळ आला.

"बाय, दे. मी करतो. तू बस."

"मी बसाय नाय आले."

ती झाडत राहिली. तो तिच्या मागे मागे, रिकाम्या हातानं. शेवटी म्हणाला, "वारा नव्हता गो त्या दिवशी. दरसाल करतो तसंच केलं. मी विझवायला पण..."

"ठाऊक हाये."

"मग तू बोलत का नाय माझ्याशी? शिव्या दे. मार."

पारूमावशी थांबली. घामानं तिचा चेहरा भिजला होता, केसांत पाचोळ्याचा चुरा. "तू मुद्दाम लावली असतीस तर दिल्या असत्या शिव्या. पाड्यासमोर दिल्या असत्या. तू मुद्दाम लावली नायस. मग मी शिव्या कोणाला देऊ रे? सांग मला, कोणाला देऊ?"

नवशा खाली बसला आणि रडायला लागला. मोठ्या माणसाचं रडणं ऐकवत नाही. मी खराटा थांबवला. ती मात्र त्याच्याजवळ गेली नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. त्याचं रडणं ओसरेपर्यंत खराट्यावर हात टेकून उभी राहिली. मग खराटा त्याच्यापुढे टाकला.

"त्या कडेपासून लोट. मुळाशी ठेवू नको, लांब ने."

दुपारपर्यंत सगळ्या मोहांखालची जमीन उघडी झाली. तिनं गाठोडं सोडून जुनी लुगडी झाडांखाली पसरली, कडांवर दगड ठेवले. फुलं त्यावर गळतील, वेचायला राखेची गरज नाही. नवशा शेवटचा दगड ठेवत असताना म्हणाला, "मी जाऊन साहेबाला सांगतो."

"सांगायचं तर सांग," ती म्हणाली. "माझ्या नावानं सांगू नको. मी तुला सांग म्हटलं नाय, आणि नको पण म्हणणार नाय."

त्या आठवड्यात तो गेला. वनपालाच्या टेबलासमोर उभा राहून सांगितलं. कागद झाले, त्याला शहापूरला नेलं, मग जामिनावर सोडलं. पाड्यातली माणसं त्याच्यावर उखडली, कारण आता प्रत्येकाच्या मोहाखाली साहेब येऊन बघणार होते. त्याच्या बायकोनं दोन दिवस चूल पेटवली नाही. पारूची मुलगी दिपिका वाशिंदला असते, तिथं कंपनीत जाते. तिला कळलं तेव्हा ती धावत आली, आईला म्हणाली, "तुला ठाऊक होतं आणि तू बोलली नायस?" आणि त्याच पावली परत गेली. अजून ती मामाशी बोलत नाही. आईशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही.

तारखेला पारूमावशी नवशाबरोबर शहापूरला जाते. दोघं एसटीत शेजारी बसतात, बोलतात असं नाही. पहिल्या तारखेला तर तिला कोणी बोलावलंसुद्धा नव्हतं. कोर्टाबाहेरच्या बाकावर दोघं बसली होती. एका वकिलानं कागद बघून विचारलं, "मयताची बायको कोण?"

ती म्हणाली, "मी."

"मग इकडे बसा ना बाई. आरोपीच्या बाजूला कशाला बसलात?"

"भाऊ हाये माझा," ती म्हणाली आणि तिथंच बसून राहिली. हे मला नवशानं सांगितलं.

खटला चालू आहे. काय व्हायचं ते होईल. दुसऱ्या वर्षी वरच्या पाड्यातल्या आणखी काही घरांनी मोहाखाली झाडलं, काहींनी गुपचूप काडी लावली. भगीरथ आणि नवा मजूर जाळरेषेवर असतात. खिंडीच्या बाजूला त्या वर्षी आग लागली नाही. पलीकडच्या डोंगराला लागली होती.

पारूमावशी अजून येते. आता ती पाण्याकडे बघते. कोणता पक्षी कधी येतो ते तिला सगळं ठाऊक झालंय असं नाही. नावं विसरते, पुन्हा विचारते. कधी नुसती धोंड्यावर बसून डुलकी काढते. एकदा मी तिला विचारलं, लखमा घरी का बोलत नसेल? ती म्हणाली, "मी इचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय. आता कोणाला इचारू?" आणि विषय बदलला.

मागच्या वैशाखात तलाव अगदी तळाला गेला होता. दुपार टळत होती, आम्ही दोघी बंधाऱ्याच्या कोपऱ्यावर उभ्या होतो. पलीकडच्या करवंदीतून एक भेकराची मादी बाहेर आली. मागून तिचं पिल्लू. गाळ मऊ होता. भेकर एकेक पाय चाचपून टाकत होती, पाय रुतला की मागे घ्यायची, दुसरीकडून बघायची. पिल्लू कडेलाच थांबलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात पारूमावशीनं माझं मनगट धरलं. तिची पकड घट्ट होती. भेकर पाण्याशी पोचली, वाकली, प्यायली. मग वळून पिल्लाकडे पाहिलं. पिल्लू आईच्याच खुरांच्या ठशांत पाय टाकत पाण्याशी आलं.

दोघं पिऊन रानात गेली तेव्हा तिनं माझा हात सोडला.

"किती वेळ पीत व्हती," ती म्हणाली. "लई तहान लागली असंल."

मग तिनं पदर खोचला आणि गुरं बांधायची म्हणून डोंगराच्या वाटेला लागली.